सरळ धरलं की वांगी

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

दाजी, नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, घरातलं कोणी गेलेलं नाही. फोन गेला. गेला म्हणजे मीच भिंतीवर मारला. एका व्यक्तीनं तिचं स्टेटस माझ्यापासून लपवलं असं मला वाटलं. माझाच नेटपॅक संपला होता हे नंतर कळलं, पण तोवर फोन नेटपॅक भरण्यासारखा राहिला नव्हता. नवीन घेणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. घरमालकीण केसरबाईंचा फोन आहे, पण त्यांच्या फोनवरून बोललं की मधूनमधून त्याच उत्तरं देतात. म्हणून पत्र.

कृष्णाचा टेम्पो जाधववाडीत कांदा उतरवून रिकामा वैजापूरला येतोय, त्यात एक पोतं टाकलंय. पोत्यात माझी इलेक्ट्रिक गिटार आहे. पूर्ण नाही, नुसतं धड. मान, तारा आणि आतलं वायरिंग काढून मी इथं कॉटखाली ठेवलंय.

तिचा रंग काळा आहे ते तुम्हाला दिसेलच. ह्या शहरात ज्याच्याकडं गिटार आहे त्याची काळीच आहे. मला ती सोबतच्या कापडाच्या रंगाची करून पाहिजे, आणि तुम्ही ट्रॅक्टरला देता तशी चकाकी पाहिजे, की तोंड बघून भांग पाडावा. कंपनीला मी मेल केला होता. त्यांनी कळवलं की आमच्याकडं काळा, लाल आणि लाकडी असे रंग उपलब्ध आहेत, आपला दिवस चांगला जावो. माझा दिवस चांगला गेला नाही.

आठ फेब्रुवारीला, शनिवारी संध्याकाळी, सिडकोतल्या एका कॅफेत आमचा शो आहे. त्याच्या आत गिटार पाहिजे म्हणजे पाहिजे.

आणि दाजी, तिच्यावर काही लिहू नका. तुमच्या हातून गेलेली प्रत्येक ट्रॉली 'आईची कृपा' म्हणत जाते आणि फाळक्यावर कमळ असतं, ते मला माहीत आहे. हिच्यावर कमळ नको. डोळे पण काढू नका. खाली काळी बाहुली बांधू नका.

बाबांना ह्यातलं काही कळायला नको. त्यांच्या मते मी अजून कॉलेजात आहे, निदान गावाला ते तसंच सांगतात. कापडाबद्दल ताईलाही सांगू नका. कापड मला सहज मिळालं.

तुमचा,
शिवराज


रामहरी ट्रॅक्टर पेंटिंग वर्क्स,
मार्केट यार्डासमोर, वैजापूर
१९ जानेवारी

चि. शिवराज,

पोतं मिळालं. कृष्णानं ते रिकाम्या बारदानात टाकलं होतं, त्यामुळं दोन दिवस यार्डातले हमाल तुझ्या गिटारवर कांद्याची पोती रचत होते. काढल्यावर मला वाटलं मोठा पाट आहे, कोणीतरी कडा कुरतडल्या आहेत.

तुझं पत्र तुझ्या ताईनं मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण माझे हात थिनरचे होते. त्यामुळं 'ताईला सांगू नका' हे तिला माझ्या आधी कळलं. यात माझा दोष नाही.

काळा रंग पॉलिश पेपरनं उतरवला. आत लाकूड बरं आहे. एका कोपऱ्यात चांगला पोचा आहे, कशावर तरी आपटलेली दिसते. कशावर ते मी विचारत नाही, तुझ्या खोलीला भिंती चारच आहेत. त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, करड्या अस्तराचे दोन हात मारले. इथपर्यंत अडचण नाही.

अडचण तुझ्या कापडाची आहे. कापड धूपछाव आहे. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. सरळ धरलं की वांगी दिसतं, तिरकं केलं की मोरपिशी. यातला तुला कोणता पाहिजे? ट्रॅक्टरवाला लाल म्हणतो, मी लाल मारतो, तो घेऊन जातो. त्याला मी कधी विचारत नाही की उन्हातला लाल की सावलीतला. तू मला या वयात विचारायला लावतोस.

कमळाबद्दल तुझं मत वाचलं. तालुक्यात दुसऱ्या कोणाला सरळ पाकळी ओढता येत नाही, एवढंच सांगतो. असो.

तुझा,
रामहरी

शिवा, ताई लिहिते. रंगाचा नमुना म्हणून माणूस शेडकार्ड पाठवतो. ब्लाउजपीसचा तुकडा कोण पाठवतं रे? आणि कड किती सरळ कापलीय, हात बाईमाणसाचा आहे. नाव काय तिचं? आन् जेवतो का तू येळेवर?


पुंडलिकनगर
२२ जानेवारी

दाजी आणि आता ताई पण,

ठीक आहे. नाव संस्कृती. यापुढं एक अक्षर विचारायचं नाही.

गुलमंडीत त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. ती वडिलांसोबत काउंटरवर असते. मी तिथं पहिल्यांदा गेलो तो केसरबाईंच्या साडीवर ब्लाउजपीस आणायला. त्यांचे गुडघे दुखतात. नंतर मी त्यांच्या सगळ्याच साड्यांचे ब्लाउजपीस आणायला लागलो. साड्या संपल्यावर पडद्यांचे आणले. केसरबाई म्हणतात, एवढा सेवाभावी भाडेकरू आजवर पाहिला नाही.

एकदा दुकानात गर्दी नव्हती. तिनं विचारलं, "हातावर कसले घट्टे आहेत?"

मी म्हटलं, "गिटार वाजवतो."

"कोणत्या रंगाची?"

"काळी."

"काळीच असते सगळ्यांची," ती म्हणाली आणि मागच्या थप्पीतून एक ताका ओढून माझ्यासमोर उलगडला. "अशी पाहिजे."

तुम्ही म्हणाल तिनं सहज म्हटलं असेल. सहज म्हणणारी माणसं ताका ओढत नाहीत, दाजी. थप्पीतला खालचा होता तो. मी पाव मीटर कापून घेतला. तिनं विचारलं, पाव मीटरचं काय होतं? मी म्हटलं, होतं. आठ तारखेच्या शोचंही मी तिला सांगितलंय. बघू म्हणाली.

आणि मी तिला फसवलेलं नाही. काय करता विचारल्यावर मी पहिल्याच फटक्यात सांगितलं की इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. ती म्हणाली, "बरं. फॉल पण हवाय का?" ह्या 'बरं' वर मी आठवडा काढला.

आता तुमचा प्रश्न. वांगी की मोरपिशी. खरं सांगायचं तर मला रंग दिसलाच नाही, मला ताक्यावरचा हात दिसला. आणि तिला जाऊन विचारता येत नाही. मॅचिंगच्या दुकानातल्या मुलीला 'तू दाखवलेला रंग कोणता होता' असं विचारायचं म्हणजे मी इतके दिवस काय बघत होतो हे सांगण्यासारखं आहे. तुम्ही ठरवा. रंगातलं तुम्हाला कळतं म्हणून तर पाठवली. माझं डोकं आत्ताच गरम झालंय.

कापड ज्या पिशवीत होतं तिच्यावर दुकानाचं नाव आहे म्हणून सांगून ठेवतो. तिथं जायचा विचार मनातसुद्धा आणू नका.

शिवराज


वैजापूर
३० जानेवारी

चि. शिवराज,

काल आम्ही गुलमंडीला जाऊन आलो.

रागावण्याआधी पूर्ण वाच. गिटारच्या पुढच्या बाजूला मी वांगी आणि मागच्या बाजूला मोरपिशी असा एकेक हात मारून बघितला. दोन्ही तुझ्या कापडाशी जुळत होते आणि दोन्ही जुळत नव्हते. आता मॅचिंगचा एक नियम आहे. ज्याच्याशी जुळवायचं ती वस्तू दुकानात न्यावी लागते. साडी घरी ठेवून ब्लाउजपीस आणणारी बाई मी पाहिलेली नाही. तू कापड पाठवलंस आणि वस्तूही पाठवलीस, म्हणजे दुकानात जायचं तेवढं माझ्याकडं राहिलं होतं.

तुझी ताई म्हणाली, गुलमंडीत जायचं तर नीट जावं. तिनं लग्नातली साडी नेसली. मला पांढरा सदरा घालायला लावला, माझ्याकडं रंगाचा डाग नसलेला तेवढाच आहे. गिटार तिनं लाल कापडात गुंडाळली, कारण घरात स्वच्छ कापड तेच सापडलं. कोणाच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून अर्धा किलो पेढे घेतले. हे सगळं वेगवेगळं बघितलं तर यात काही नव्हतं.

आम्ही दुकानात शिरलो तेव्हा मुलीचे वडील गल्ल्यावर होते. कारभारी त्यांचं नाव. त्यांनी आधी साडी बघितली, मग माझा सदरा, मग पेढे, मग लाल कापड. उठून उभे राहिले. चहा सांगितला. मॅचिंगला आलेल्या गिऱ्हाइकाला चहा सांगत नाहीत हे मला माहीत होतं, पण मी विचार केला, माणूस चांगला आहे.

मी लाल कापड सोडलं. ते म्हणाले, "पाट तिकडूनच आणलात? आमच्याकडं होता की."

मी म्हटलं, "रंग बघायला आणलाय."

मुलगी कात्री खाली ठेवून आली. मी तुझा तुकडा काढला आणि विचारलं, "बाई, यातला खरा रंग कोणता?" तिनं तो हातात घेतला, दाराजवळ उजेडात नेला, आडवा केला, उभा केला आणि म्हणाली, "सरळ धरलं की दिसतो तो, वांगी. मी त्यांना तसाच दाखवला होता."

वडील म्हणाले, "त्यांना म्हणजे कुणाला?"

मुलीनं तुकडा डोळ्यांसमोर धरला. ती पुन्हा उजेड बघायला लागली.  तुझी ताई म्हणाली, "माझ्या भावाला."

यानंतर कारभारींनी आम्हाला गादीवर बसवलं. गाव विचारलं, आडनाव विचारलं, मामाकूळ विचारलं. त्यात कुठं अडलं नाही, उलट तुझ्या चुलत आत्याचं घर त्यांच्या गावात निघालं. मग त्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

मी म्हटलं, "इंजिनिअरिंगला आहे."

आता तू म्हणशील दाजी खोटं बोलले. सासऱ्यांनी गावात जे सांगितलंय तेच मी सांगितलं. सासऱ्यांना खोटं पाडणं जावयाला शोभत नाही.

रविवारी, म्हणजे नऊ तारखेला, त्यांनी तुला घरी बोलावलंय. पेढे त्यांनी ठेवून घेतले.

रंग वांगी ठरला.

रामहरी


पुंडलिकनगर
३१ जानेवारी

दाजी,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि केसरबाईंचं एक कुंडीचं झाड गेलं. ते मी भरून देणार आहे.

मी गिटार रंगवायला पाठवली होती. तुम्ही तिचं स्थळ घेऊन गेलात.

तुम्हाला कळतंय का काय झालंय ते? संस्कृतीला माहीत आहे की मी कॉलेज सोडलंय. ती तिथंच उभी होती. तिच्या देखत तुम्ही तिच्या वडिलांना थाप मारली, आणि ती थाप माझ्या नावावर जमा झाली. आता तिला वाटणार की मीच तुम्हाला शिकवून पाठवलं. तिच्या मनात मी आजपर्यंत जो काही होतो तो निदान खरा होतो.

ताई, तू 'माझ्या भावाला' म्हणालीस तेव्हा ती कशी दिसत होती ते सविस्तर लिही. बाकी मी तुमच्या दोघांशी बोलत नाही.

शिवराज


गुलमंडी
३ फेब्रुवारी

शिवराज,

केसरबाईंच्या पिशवीत ही चिठ्ठी टाकते आहे. त्या आज स्वतः आल्यात. गुडघे चांगले चालतात त्यांचे. तीन ब्लाउजपीस परत केले, म्हणाल्या ह्या रंगाची माझ्याकडं साडीच नाही. कापलेला माल आम्ही परत घेत नाही. घेतला.

तुम्हाला मी अहोजाहो करते कारण तुम्ही गिऱ्हाईक आहात. आता मुद्द्याचं.

पप्पा खूश आहेत. मावशीला फोन करून झाला, इंजिनिअर मुलगा आहे म्हणून. आईनं रविवारसाठी रवा आणलाय. तुमचे दाजी बोलले तेव्हा मी समोर होते आणि काही बोलले नाही. तेव्हा वाटलं, गर्दी आहे, नंतर बोलू. नंतर पप्पांनी मावशीला फोन लावला.

पप्पांना मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ते प्रकरण होतं. तुम्ही सांगितलं तर निदान ओळख होते. आणि हे रविवारच्या आधी सांगायचं. रविवारी घरात पोहे फिरत असताना नाही. तोपर्यंत तुम्ही सांगितलं नाहीत तर मी रविवारी सगळ्यांच्या समोर नाही म्हणून सांगेन. कारण सांगणार नाही. तुमचे दाजी समजतील की रंग आवडला नाही.

तुम्हीच त्यांना शिकवून पाठवलं असेल असं मला एक दिवस वाटलं. मग आठवलं की तुम्हाला शिकवता येत असतं तर तुम्ही आधी केसरबाईंना शिकवलं असतं.

अजून एक. पप्पा मुद्दाम चिडवतात. बघायला आलेल्या दोन मुलांना त्यांनी असंच चिडवलं, एक उठून गेला आणि दुसरा रडला. तुम्ही यातलं काहीच करू नका.

शनिवारी दुकानात लग्नाची गर्दी असणार. तुमच्या शोला मला येता येणार नाही. आधी येणार होते.

संस्कृती


वैजापूर
६ फेब्रुवारी

चि. शिवराज,

तुझं कडक पत्र आणि मुलीच्या चिठ्ठीची तू केलेली नक्कल, दोन्ही कृष्णानं एकदम दिलं. दोन्ही वाचलं. तू बोलत नाहीस असं म्हणून पान भरून लिहिलंस.

गिटार तयार आहे. वांगी रंगाचे हात मारले, त्यावर मोरपिशी झाक असलेला पर्लचा, म्हणजे मोत्यासारख्या चमकीचा, एक हलका हात, मग लॅकर. सरळ धरली की वांगी, हलवली की मोरपिशी. मुलगी वांगी म्हणाली हे मान्य, पण ताक्यात दोन धागे आहेत आणि मी एक गाळून देणारा कारागीर नाही. शेडमध्ये टांगली आहे. एक गिऱ्हाईक ट्रॅक्टर याच रंगाचा करून मागतंय. मी त्याला म्हटलं, शेतात दिसणार नाही तो. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः घेऊन येतो. शोला मान, तारा लावून टाक.

आता सल्ला. वडिलांना काही सांगू नकोस. जूनमध्ये पुन्हा ॲडमिशन घे, म्हणजे मी बोललो ते खरं होईल. चार महिन्यांचा प्रश्न आहे. तोवर कोण विचारायला जातंय?

रामहरी

शिवा, ह्यांचं अजिबात ऐकू नको. आमच्या लग्नात ह्यांनी स्वतःचं गॅरेज सांगितलं होतं, आन् ते निघालं मालकाचं. स्वतःचं व्हायला लई वर्षं गेली. तेवढी वर्षं मी माहेरी तोंड चुकवत होते. जा आन् सांग. पण जेवून जा. उपाशी असला की तू लवकर पेटतो.

ती कशी दिसत होती विचारलंस. माझ्याकडं बघून हसली नाय. पण पेढ्याचा पुडा तिनंच उचलून आत नेला.


पुंडलिकनगर
९ फेब्रुवारी, रविवार

ताई,

दाजी काल रात्री घरी आले असतील आणि त्यांनी तुला त्यांच्या पद्धतीनं सांगितलं असेल. ते अर्ध्यातून गेले. म्हणून मी सगळं लिहितो.

शनिवारी दुपारी जेवून गेलो. ठरवलं होतं की सांगून टाकायचं, मग ते हाकलतील, मग शो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्ख्या जिल्ह्यातल्या नवऱ्यांच्या आया तिथं होत्या. संस्कृती मीटर मारत होती. तिनं मला बघितलं आणि मान खाली घातली.

तिचे पप्पा म्हणाले, "या इंजिनिअर."

मी म्हटलं, "नाही."

"काय नाही?"

"इंजिनिअर नाही. मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. दाजी बोलले ते खरं नाही. संस्कृतीला मी आधीच सांगितलं होतं."

हे मी जरा मोठ्यानं बोललो, ताई, कारण गर्दीत ऐकू जात नव्हतं. नेमकं तेव्हाच सगळं दुकान गप्प झालं.

ते हातातला ताका गुंडाळत राहिले. "कशानं सोडलं?"

"सरांनी माझं जर्नल खिडकीतून फेकलं. मी स्टूल फेकलं."

"खिडकीतून?"

"भिंतीवर."

"कुणाला लागलं?"

"नाही."

"नेम चुकला का?"

"नाही. भिंतच धरली होती."

एक बाई म्हणाली, "मास्तरला लागलं असतं म्हणजे?" ते म्हणाले, "मावशी, तुमचा डाळिंबी दाखवतो, थांबा." मग माझ्याकडं वळून, "मग पुढं?"

"माफी मागायला सांगितली. मी मागितली नाही."

"आन् आता करतो काय?"

"गिटार वाजवतो. आज शो आहे."

"गिटार," ते म्हणाले. हा एकच शब्द त्यांनी असा उच्चारला की माझं कपाळ तापलं. मला संस्कृतीची चिठ्ठी आठवली. उठून जायचं नाही आणि रडायचं नाही, याच्या मध्ये जे काही असतं ते करत मी उभा राहिलो.

"उंच आहेस," ते म्हणाले. "तो वरचा डाळिंबीचा गठ्ठा काढ."

मी काढला.

त्यानंतर ते जे बोलले त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नाही. हाताला घाम आहे का म्हणाले. सरळ घडी घालता येत नाही म्हणून कॉलेजनं काढलं असेल म्हणाले. "तुझ्या हातात कापड दिलं की बोहारीणसुद्धा घेणार नाय." एका बाईनं माझ्याकडून सगळे गुलाबी उलगडून घेतले, प्रत्येकाला बोट लावलं आणि म्हणाली, पुढच्या दुकानात बघून येते. माझ्यासमोर गुलाबी कापडाचा हा एवढा ढीग. पप्पा कात्री धरून माझ्या तोंडाकडं बघत होते. मी एकेक करून घड्या घातल्या. शेवटच्या घडीला माझे दात दुखत होते. संस्कृतीनं ती उलगडली आणि परत घालून दाखवली, कड कडेवर कशी आणायची ते. मग मी बाकीच्या परत घातल्या.

शोची वेळ कधी गेली ते मला कळलं, पण मी घड्याळाकडं बघितलं नाही. पोरं माझ्याशिवाय उभी राहिली असणार. फोन नसल्यामुळं त्यांच्या शिव्या अजून माझ्यापर्यंत आलेल्या नाहीत.

दाजी आधी कॅफेत गेले, तिथून खोलीवर, तिथून केसरबाईंनी त्यांना गुलमंडीला पाठवलं. ते गिटारचं धड घेऊन दारात आले आणि मला काउंटरच्या आत बघून दारातच थांबले. पप्पा म्हणाले, "या जावईबापू. तुमच्या इंजिनिअरनं आम्हाला सगळं सांगितलं." दाजी म्हणाले, "मी जूनपासूनचं सांगितलं होतं."  पप्पांनी गिटार हातात घेतली. ट्यूबखाली धरली, मग बाहेर रस्त्यावर नेऊन गाड्यांच्या उजेडात धरली, तिरकी केली, सरळ केली. "पर्ल एकच हात?" त्यांनी विचारलं. दाजी म्हणाले, "हलका." दोघंही त्यावर थोडा वेळ बोलले, जणू आम्ही कोणी तिथं नव्हतो. मग पप्पांनी ती गल्ल्याच्या मागं खिळ्याला टांगली. ना मान, ना तारा. दाजी म्हणाले, कृष्णा खोळंबलाय, आणि गेले. तुला त्यांनी इथपर्यंतच सांगितलं असेल.

मी पप्पांना विचारलं, "आजच्या रविवारचं काय?" म्हणजे तेव्हा शनिवार होता, उद्याचं काय, असं.

ते म्हणाले, "रविवारी दुकान चालू असतं. अकराला ये."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं कसलं? आधी राणी आन् गुलाबी वेगळा ओळखायला शीक."

गर्दी कमी होत आली होती. एक बाई तिच्या सुनेला घेऊन आली. पुष्कळ रंग बघितले, एकही पसंत पडेना. मग तिची नजर वर गेली. मला म्हणाली, "दादा, ते खिळ्याला काय लावलंय, त्या रंगात दाखवा बरं. किती गोड रंग आहे. आहे का त्यात काही?"

 मी पप्पांकडं बघितलं. ते नोटा मोजत होते.

संस्कृती मीटर मारत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "ते विकायचं नाही, मावशी. ते आमचं घरचं आहे."

पप्पांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग खिळ्याकडं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी थुंकी लावून नोटा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

"बघत काय राहिला?" ते मला म्हणाले. "वरचा राणी काढ."

मी गुलाबी काढला. संस्कृतीनं तो माझ्या हातातून घेऊन परत ठेवला आणि राणी दाखवला.

साडेदहा होत आलेत, अकराला पोचायचंय. जेवून निघतोय.

तुझा,
शिवा